दहाची दांडी

१२ मार्च

वही नवी आहे म्हणून आधी नोंदी. मी या घरात चार महिने राहत आहे. मुलगा जहाजावर. सून नर्स, दिवसपाळी. नात साडेसात वर्षांची, घसरगुंडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, डावा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये. तिला सगळे मुंगी म्हणतात. हाती लागेल ती वस्तू रांगेत लावते म्हणून.

आज शाळेचं पत्र आलं. भाषेचा प्रश्न नाही, ती पडल्या पडल्या पुस्तकं खाते. गणितात मात्र वर्ग पुढे गेला. दोन मे रोजी तिची वेगळी परीक्षा घेणार. वीस गणितं, दीड तास. पंधरा बरोबर आली तर तिसरी, नाही तर दुसरी पुन्हा.

सुनेने पत्र फ्रीजवर चिकटवलं. मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मुलीला सारखं दिसायला नको.

सून म्हणाली, "आई, लिफाफा तिनेच फोडला. तिला पाठ आहे ते."

मुंगीला विचारलं, काही म्हणायचंय का. ती म्हणाली, "दुसरीत राहिले तर माझी शेजारीण कुणाशेजारी बसणार?"

शेजारीण म्हणजे बाकावर शेजारी बसणारी. दोघी पहिलीपासून एका बाकावर आहेत.

शिकवायचं मी ठरवलं. बीएस्सीला माझा विषय गणित होता, पहिला वर्ग. त्याला बेचाळीस वर्षं झाली, पण दुसरीचं गणित तेव्हापासून बदललं असेल असं वाटत नाही.

१४ मार्च

बदललेलं नाही, पण पोरीला दशक म्हणजे काय तेच माहीत नाही. "बावन्नमध्ये पाच कशाचे?" "बावन्नचे." मग बोटं मोजायला लागते. बोटं बंद केली तर पांघरुणाखाली पायाची बोटं हलतात. एकाच पायाची, दुसरा प्लास्टरमध्ये. म्हणजे एकूण पंधराच.

हाताळायला काहीतरी हवं. स्वयंपाकघरातून वाटाणे घेतले.

१५ मार्च

वाटाणे बाद. एक प्लास्टरमध्ये गेला.

मुंगीने हळूच विचारलं, "आजी, त्याला मोड आले तर?" सून कामावरून आली, तिने मुलीला पोटावर पालथं केलं, प्लास्टरवर थापट्या मारल्या आणि वाटाणा काढला. काढून माझ्या हातावर ठेवला. हसत होती, ते मी पाहिलं.

१८ मार्च

दुकानातून प्लास्टिकचे ठोकळे आणले, एकमेकांत अडकणारे, शंभर. व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरच्या आतलं माप घ्यायच्या पट्टीने, वीस मोजले, फरक नाही. माल चोख आहे. पण अडकले की सुटत नाहीत. मुंगीने दाताने सोडवले. आणि गणित करायला सांगितलं की त्याची मगर होते. मगरीचे दात किती ते मात्र बरोबर सांगितलं.

दुकानदाराने मला ओळखलं. मी वजनमापे निरीक्षक होते, तीस वर्षं, तेव्हा त्याच्या वडिलांची दोन वजनं मी जप्त केली होती. मी ठोकळे घ्यायला गेले होते, पण तो काउंटरवरचा काटा पुसायला लागला. "बाई, बघून घ्या, अगदी शून्यावर आहे." मी निवृत्त आहे असं सांगितलं. तरी पुसतच होता.

१९ मार्च

बदलून रंगीत पट्ट्या आणल्या. लांबीप्रमाणे रंग, त्यावर खुणा नाहीत.

"पाच आणि दोन?"

"पिवळी आणि लाल म्हणजे काळी."

"मी आकडा विचारला."

"काळीचा काय आकडा ते तू सांग, पण काळीच येते. लावून बघ."

लावून बघितलं. काळीच येते. तरी परत केल्या. मला अंक शिकवायचे आहेत, रंगकाम नाही.

एक गोष्ट मात्र उचलली. मोजत बसण्यापेक्षा शेजारी लावून बघणं बरं. मोजताना मूल चुकतं, लांबी चुकत नाही. आम्हीही दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर जात नव्हतो. प्रमाण मीटर शेजारी ठेवायचा आणि बघायचं.

२१ मार्च

खाली तळमजल्यावर मिस्त्रींचा सुतारकामाचा गाळा आहे. त्यांना चिठ्ठी लिहून दिली. दोन सेंटिमीटर जाड, वीस सेंटिमीटर लांब अशा वीस दांड्या. त्यातल्या पाच दांड्यांचे प्रत्येकी दहा सारखे तुकडे. म्हणजे पंधरा दशक, पन्नास एकक. कडा घासून गुळगुळीत.

मिस्त्री म्हणाले, "नातीला खेळायला?"

"शिकायला."

"तेच ते." चिठ्ठी खिळ्याला अडकवली आणि पुन्हा रंधा मारायला लागले. या माणसाचं काम मी चार महिने खिडकीतून बघते आहे. एकदा मोजलं तरी पुन्हा मोजतो. दुसरं कुणी असतं तर मी समोर उभी राहिले असते.

२५ मार्च

दांड्या आल्या. सुरेख. जड, थंड, अंथरुणावरून घरंगळत नाहीत. स्टीलच्या पट्टीने पंधराही दांड्या मोजल्या. वीस सेंटिमीटर, केसाचाही फरक नाही. तुकडे मोजायला घेणार तोच दूध उतू गेलं.

मुंगीने त्यांचा वास घेतला. म्हणाली, "यांची मगर होणार नाही." "होऊच नये." "होडी होईल पण."

नियम घालून दिला. बोटाने मोजायचं नाही. दशक सुटा करायचा असेल तर दांडी खोक्यात टाकायची, पण टाकण्याआधी तिच्याशेजारी एककाचे तुकडे लावायचे. टोकाला टोक आलं की थांबायचं. तेवढेच तुकडे घ्यायचे. बेरजेत उलट: तुकडे दांडीएवढे भरले की ते देऊन दांडी घ्यायची.

पहिल्या दिवशी सुटा करण्याची गरज नसलेली सात गणितं दिली. सातही बरोबर.

२८ मार्च

आज हातच्याची वजाबाकी. त्रेपन्न वजा अठ्ठावीस. उत्तर सव्वीस. पुन्हा करायला लावलं. सव्वीस. चाळीस वजा सतरा? चोवीस.

तिने एकदा सांगितलं, "आजी, एक जास्त लागतो."

मी म्हटलं, "फटी ठेवतेस तू. नीट चिकटवून लाव."

तिने चिकटवून लावले. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून. उत्तर सव्वीसच.

३१ मार्च

बेरजेत एक कमी, वजाबाकीत एक जास्त. रोज, प्रत्येक वेळी. सत्तावीस अधिक पंधरा, एक्केचाळीस. पासष्ट वजा सदतीस, एकोणतीस. हातच्याचं नसेल तर चूक नाही.

आणि आज सत्तावीस अधिक तेरा. उत्तर लिहिलं तीनशे दहा.

मी विचारलं, "सत्तावीस आणि तेरा मिळून तीनशे होतील?"

"नाही."

"मग?"

"तीन दांड्या आहेत आणि दहा तुकडे. दहाची दांडी भरत नाही अजून."

"दहाची दांडी दहांनी भरत नाही, तर कशाने भरते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तुकड्यांकडे. मी लाल पेनाने काट मारली. हट्ट तिच्या आजोबांचा घेतला आहे.

४ एप्रिल

घड्याळ लावून दहा गणितं. चार बरोबर. सहा काट.

सून म्हणाली, "आई, रागावू नका, पण तुम्ही समोर बसला की ती श्वास रोखून धरते."

मी म्हटलं, परीक्षेतही कुणीतरी समोर बसणारच.

"तिथे तुम्ही नसाल."

हे ती कौतुकाने म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

९ एप्रिल

प्लास्टर निघालं. पाय काटकुळा, पांढरा, साल सोलल्यासारखा. मुंगीने त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. कुबडी घेऊन दारापर्यंत गेली आणि आली. मी घड्याळ लावलं नाही.

संध्याकाळी शेजारीण भेटायला आली. दोघी दांड्यांची होडी करून बसल्या होत्या. शेजारणीने विचारलं, "तू येणार ना तिसरीत?" मुंगी म्हणाली, "आजी म्हणते माझं लक्ष नाही." "मग दे ना लक्ष." "देते. खूप देते. तरी एक उरतो."

मी दारात उभी होते. आत गेले नाही. गणित कच्चं आहे, हे तिला कळलं आहे, ही चांगली गोष्ट आहे असं स्वतःला सांगितलं.

१३ एप्रिल

वीस गणितांची पूर्ण चाचणी. आठ बरोबर. एकोणीस दिवस उरले.

मी रागावले. मी ओरडत नाही, कामावरही कधी ओरडले नाही. आवाज खाली जातो. ती रडली नाही. एका दांडीशेजारी तुकडे रांगेत लावले, त्यांच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "मी दुसरीत राहते, आजी. तू दमलीस."

पुढे लिहायचं नाही मला.

१४ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी मुंगी झोपलेली असताना ठोकळे आवरत होते. दांडीशेजारी काल तिने लावलेली तुकड्यांची रांग तशीच होती, टोकाला टोक. मी सवयीने मोजली. अकरा.

पुन्हा मोजली. अकरा. व्हर्नियर काढला. दांडी वीस सेंटिमीटर. तुकडा दोन सेंटिमीटर नाही, एक पूर्णांक ब्याऐंशी. अकरा तुकडे लावले की वीस सेंटिमीटर भरतात.

पोरगी अडीच आठवडे दशक सुटा करून अकरा घेत होती, कारण मी सांगितलं होतं, टोकाला टोक येईपर्यंत लाव आणि मोजू नकोस. प्रत्येक वेळी अकरा, कधीही दहा नाही. आणि मी तिला म्हटलं फटी ठेवतेस. फटी ठेवल्या तर तुकडे कमी लागतात, जास्त नाही. हे बीएस्सीला पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला कळलं नाही.

चप्पल घालून खाली गेले. "मिस्त्री, हे काय करून दिलंत?"

त्यांनी दांडी बघितली, तुकडे बघितले, कपाळ खाजवलं. "बाई, करवत खाते."

"काय खाते?"

"लाकूड. पात्याच्या जाडीचं. दोन मिलिमीटर जातं एका कापाला. त्याचाच हा भुसा." पायाने जमिनीवरचा ढीग दाखवला. "तुम्ही लिहिलंत, वीसच्या दांडीचे दहा सारखे तुकडे. सारखे आहेत का नाहीत?"

"आहेत."

"दहा आहेत का?"

"आहेत."

त्यांनी खिळ्यावरची चिठ्ठी काढून दिली. अक्षर माझंच. एका तुकड्याची लांबी लिहिलेली नव्हती. "मला वाटलं नातीला खेळायला," ते म्हणाले. "इतकं मापाचं आहे हे माहीत असतं तर विचारलं असतं."

मी वर आले. मुंगीची वही काढली. लाल काटांची गणितं अठ्ठेचाळीस. दांडी अकराची धरून एकेक पुन्हा सोडवलं. पंचेचाळीस बरोबर निघाली. उरलेली तीन चाचणीतली, घड्याळ लावलेली.

दुकानदार म्हणायचे, बाई, वजन झिजलंय हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत हे कारण मी एकदाही ऐकून घेतलं नाही.

ती उठल्यावर सांगितलं. गोलगोल नाही, सरळ. तुझी गणितं बरोबर होती, माझं माप चुकलं होतं, मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही.

ती म्हणाली, "म्हणजे मी लक्ष देत होते?"

"हो."

"मग खोट्या मापाला काय करतात?"

"जप्त करतात. आणि दंड."

तिने विचार केला. "ठोकळे जप्त नको. दंड म्हणून लाल पेन दे."

दिलं. तिने वहीतल्या पंचेचाळीस काटांवर पंचेचाळीस बरोबरच्या खुणा केल्या. मोठ्या, पानाबाहेर जाणाऱ्या. सून आली तेव्हा पोरीच्या नाकावरही लाल रेघ होती.

१५ एप्रिल

मुंगीचा हट्ट, करवत बघायची. कुबडीसह जिना उतरवला, एका पायरीला एक श्वास. मिस्त्रींनी तिच्यासमोर एक काप मारून दाखवला. तिने भुसा तळहातावर घेतला.

मी म्हटलं, "दहा तुकडे म्हणजे दहा काप. प्रत्येकी दोन मिलिमीटर, एकूण..."

"नऊ," मुंगी म्हणाली.

"काय नऊ?"

"काप नऊ. शेवटचा तुकडा आपोआप उरतो, त्याला कशाला कापायचं?"

मिस्त्री करवत बाजूला ठेवून हसले. खूप वेळ हसले. "बाई, हिला माझ्याकडे ठेवा, लाकूड वाचेल." मी त्यांना म्हटलं, नव्या तुकड्यांचं बघा. या वेळी चिठ्ठी मुंगीने लिहिली: एक तुकडा बरोब्बर दोन. करवतीचं खाणं वेगळं द्या.

१७ एप्रिल

नवे तुकडे आले. आधी ते मोजले, मग चहा. दहा लावले, टोकाला टोक. मुंगीला तरी पटेना. पाच दांड्यांशी पाच वेळा लावून बघितले. पाचव्या वेळी म्हणाली, "आता हिचं नाव खरं आहे."

मग बावन्न वजा सत्तावीस. पंचवीस. पहिल्याच फटक्यात.

जुने तुकडेही ठेवायचे म्हणाली. ते "अकरावाल्यांचे". अकरावाल्यांच्या देशात गणितं वेगळी येतात, ती रात्री जेवताना सुनेला समजावत होती. सून मला म्हणाली, "आई, हे काय शिकवलंत?" मी म्हटलं, हे मी शिकवलेलं नाही.

२४ एप्रिल

वीसपैकी सतरा. घड्याळ लावलं होतं, पण मी स्वयंपाकघरात बसले. सुनेची सूचना होती. सूचनेत तथ्य असावं.

२९ एप्रिल

शाळेत फोन केला. परीक्षेत ठोकळे वापरता येतील, पण शाळेचेच. मी विचारलं, आदल्या दिवशी येऊन तपासू का. कारकून म्हणाला, "काय तपासणार, मॅडम?" सुनेने फोन हातातून घेतला. "काही नाही, धन्यवाद." मग मला म्हणाली, "आई, शाळेत व्हर्नियर न्यायचा नाही. शप्पथ घ्या."

शपथ घेतली नाही, पण नेणार नाही.

२ मे

परीक्षा झाली.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतच घेतली. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला परवानगी, बोलायला नाही. बाईंनी प्लास्टिकच्या दांड्यांची आणि ठोकळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, प्रश्नपत्रिका दिली, म्हणाल्या, "कर सुरू."

मुंगीने प्रश्नपत्रिकेला हातच लावला नाही. एक दांडी घेतली, शेजारी ठोकळे लावायला लागली. एकेक. मग दुसरी दांडी. मग दुसऱ्या मुठीतले ठोकळे. पाच मिनिटं गेली. सहा. हे मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. शब्दावर जायचं नाही.

बाई म्हणाल्या, "अगं, वेळ चाललाय. दहाच आहेत ते."

मुंगी वर न बघता म्हणाली, "आजीचे पण दहाच होते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

नवव्या मिनिटाला तिने पेन्सिल उचलली. मग मात्र थांबली नाही. वेळ संपला तेव्हा सतरा गणितं झाली होती, तीन राहिली. बाईंनी समोरच तपासली. सोळाव्या खुणेनंतर मी खुणा मोजणं सोडून दिलं, कारण सतरावं हातच्याचं होतं आणि त्यावर बाईंचं पेन थांबलं होतं. मग टेकलं. बरोबर.

सतरापैकी सतरा.

"न केलेली तीन?" बाईंनी विचारलं.

"ती तपासण्यात गेली," मुंगी म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं, तिसरी, आणि तारीख. मग पिशवी भरता भरता एक दांडी हातात घेऊन तिच्याशेजारी ठोकळे लावून बघितले. स्वतःशीच.

रस्त्यात मुंगी म्हणाली, "आजी, तू छताकडे का बघत होतीस?"

"पंखा धुळीने भरला होता."

१० जून

शाळा सुरू. कुबडी नाही, थोडं लंगडते, घाई केली की जास्त. घाईच करत होती. वर्गाच्या दारापर्यंत मी दप्तर उचललं. शेजारीण बाकाच्या एका टोकाला सरकून बसली होती, दुसऱ्या टोकावर तिने डबा ठेवला होता जागा धरायला. मुंगी आत गेली, डबा उचलला, बसली. लगेच दोघींची डोकी जवळ. मागे वळून बघितलं नाही.

मी दप्तर घेऊन उभीच. शिपायाने विचारलं, "आजी, आत पोचवू का हे?" तेव्हा दिलं.

सुनेने सांगितलं होतं, आता घरी गेलात तरी चालेल, आई, तुम्हाला तुमचं घर आहे. मी म्हटलं, पाय पूर्ण बरा होईपर्यंत थांबते. ती म्हणाली, "मीही तेच म्हणणार होते," आणि माझी उशी उन्हात टाकली.

दिवसभर कपाट आवरलं. शाळा साडेतीनला सुटते, पंधरा मिनिटांचा रस्ता. अडीचला निघाले.